अप्पांची सहा बोटं

माझे वडील, म्हणजे अप्पा, आयुष्यात एकदाच टीव्हीवर दिसले, आणि त्या वेळी अख्ख्या सोलापुरात कुणाच्या घरी टीव्ही नव्हता, ही आमच्या घराण्यावर देवाची मोठी कृपा म्हणायची.

टीव्ही तेव्हा मुंबईत आणि पुण्यात. आमच्याकडे रेडिओ, तोही अप्पांच्या चादरींच्या दुकानात. डोक्यात थाप बसल्याशिवाय तो बोलायचा नाही. अशा गावातल्या आमच्या मुलींच्या शाळेला एक दिवस मुंबईच्या टीव्हीवर प्रश्नमंजुषेसाठी बोलावणं आलं. शाळेत ज्याला त्याला धक्काच बसला. त्याहून मोठा धक्का बसला तो संघात माझं नाव आल्यावर.

संघ दोघींचा. मी आणि पद्मा. पद्मा विणकरांच्या घरातली, घरी तेलुगू बोलायची, शाळेत मराठी, आणि विचाराल ते तिला ठाऊक असायचं. पण कॅप्टन मला केलं, कारण माझा आवाज मोठा. उत्तर फक्त कॅप्टननंच द्यायचं, असा स्पर्धेचा नियम होता. (हा नियम करणाऱ्या माणसानं मला कधी पाहिलेलं नव्हतं.)

आमच्याबरोबर शाळेच्या बाई निघाल्या. आणि अप्पाही निघाले.

"पोरगी मुंबईला चालली. एकटी कशी धाडू?"

"बाई हायत की बरोबर," आमची आई, अव्वा, म्हणाली.

"बाईंच्या बरोबर कोण हाय?" अप्पांनी विचारलं, आणि कोट घातला.

स्टेशनवर त्यांच्या काखेत एक नवी चादर दिसली. प्रश्न विचारणाऱ्या साहेबांसाठी. बाई घाबरल्या.

"अहो, ही लाच होईल."

"लाच कसली बाई, चादर हाय."

शेवटी चादर हमालाच्या हाती घरी परत गेली. अप्पा गाडीत बराच वेळ रुसून बसले. मग माझ्याकडे सरकून हळूच म्हणाले, "अडलं तर माझ्याकडं बघ. मी कन्नडमधी सांगतो. मुंबईत कुणाला येतंय कन्नड?"

आमचं मूळ गाव मैंदर्गी, अक्कलकोटच्या पलीकडचं, कन्नड मुलखाला चिकटलेलं. घरात निम्मं मराठी, निम्मं कन्नड, आणि भांडण पूर्ण कन्नड. मला वाटलं, अप्पा गंमत करतायत. पलीकडे पुस्तक वाचत बसलेल्या पद्माला तसं वाटलं नाही.

"तुझ्या वडलांना गप बसायला सांग," ती म्हणाली.

मी सांगितलं नाही. वडिलांना गप्प बसा म्हणणारी मुलगी आमच्या घराण्यात अजून जन्मायची होती.

स्टुडिओ म्हणजे एक मोठी अंधारी खोली, आणि मधोमध एवढा उजेड की डोळ्यांतून पाणी यावं. समोर मुंबईच्या एका शाळेची दोन मुलं, गळ्यात टाय, चेहऱ्यावर घामाचा थेंब नाही. मधे सुटातले साहेब. त्यांचं मराठी असं धुतलेलं, इस्त्री केलेलं, की ऐकूनच मला आपण गावंढळ असल्याची खात्री पटली. प्रेक्षकांना तीन बाकं. अप्पा पहिल्या बाकावर, टोपी सारखी करून. शेजारी बाई.

खेळ सुरू झाला आणि काय चमत्कार, आमचं बरं चाललं. पद्मा माझ्या कानात सांगायची आणि मी मोठ्यांदा म्हणायची. एकदा तर त्या मुलांपैकी एकानं टाय सैल केला. शेवटच्या फेरीपर्यंत आम्ही बरोबरीत होतो. शेवटचा प्रश्न आमचा. आला तर आम्ही जिंकलो.

साहेब म्हणाले, "कोळी या प्राण्याला पाय किती असतात?"

माझा आनंद गगनात मावेना. आठ. विज्ञानाच्या पुस्तकात चित्रासकट होतं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात अंधारातून आवाज आला.

"आरु."

कन्नडमध्ये आरु म्हणजे सहा. मी बघितलं. अप्पा बाकावरून अर्धे उठले होते. एका हाताची पाच बोटं आणि दुसऱ्याचा अंगठा माझ्या दिशेनं धरून ते अगदी प्रेमानं, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत होते, "आरु, आरु."

आता सांगते, अशा वेळी माणसाच्या डोक्यात काय होतं ते. पुस्तक आठ म्हणत होतं. चित्र आठ म्हणत होतं. पण पुस्तकानं मला लहानाचं मोठं केलं नव्हतं. शिवाय तेलुगूतही सहाला आरुच म्हणतात, त्यामुळे अप्पांचं गुपित पद्मालाही कळलं, आणि तिनं टेबलाखाली माझ्या मांडीला असा चिमटा काढला की चार दिवस वळ होता. तो चिमटा 'आठ म्हण' असा होता. मला वाटलं, 'लवकर म्हण' असा आहे.

"सहा," मी खणखणीत आवाजात म्हणाले.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते सावकाश अप्पांकडे वळले आणि त्या इस्त्रीच्या मराठीतून एकदम बाहेर पडून म्हणाले, "यजमानरे, आरु अल्ल री, एंटु. सुम्न कुंद्री."

म्हणजे, मालक, सहा नाही हो, आठ. गुपचूप बसा.

साहेब धारवाडचे निघाले.

अप्पा बसले. बाईंनी पदर तोंडाला लावला. "कट," असं कुणीतरी ओरडलं. सगळे दिवे माझ्याच अंगावर होते, तरी मला काही दिसेना. एवढ्या मोठ्या मुंबईत कन्नड येणारा एक माणूस असतो आणि तो नेमका आपल्यासमोर उभा असतो, हे पचायला मला वेळ लागत होता.

साहेब मनानं चांगले होते. ते म्हणाले, "हा प्रश्न रद्द. तो भाग आम्ही कापू. मुलींना दुसरा प्रश्न देऊ." आणि बहुधा दया येऊनच त्यांनी विचारलं, "अक्कलकोट कोणत्या जिल्ह्यात आहे?"

हसू नका. मला येईना. मी अप्पांकडे पाहिलं. अप्पा दोन्ही हात मांडीखाली दाबून छताकडे बघत होते. पद्मा माझ्या कानात "सोलापूर, सोलापूर" म्हणत होती, आणि मला वाटत होतं, ही घरी जाऊ या म्हणतेय. घंटा वाजली. प्रश्न समोर गेला.

"सोलापूर," टायवाला म्हणाला.

परतीच्या गाडीत पद्मानं माझ्याकडे पाठ करून पुस्तक उघडलं. बाई तोंडावर पदर घेऊन झोपल्या. अप्पा मात्र घरी पोचेपर्यंत सावरले होते. "कापणार हायत की त्यो भाग," त्यांनी अव्वाला सांगितलं. "कुणाला कळतंय? आपण पुण्याला जाऊन बघू."

म्हणून कार्यक्रमाच्या दिवशी आम्ही पुण्यात आत्याच्या घरी हजर झालो. टीव्ही आत्याच्या समोर राहणाऱ्या पेन्शनर आजोबांकडे. त्यांच्या खोलीत अर्धी आळी जमली होती. आत्यानं सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, की आज आमची भाची दिसणार. अप्पा मागे दाराजवळ बसले, तोच कोट, तीच टोपी.

कार्यक्रम सुरू झाला. मी दिसले. आत्यानं माझ्या पाठीवरून हात फिरवला. पहिला प्रश्न झाला, पद्मा कुजबुजली, मी उत्तर दिलं, आणि मग टाळ्या वाजवणारे प्रेक्षक दाखवायचे म्हणून पडद्यावर अप्पा आले. अर्धे उठलेले, पाच बोटं आणि एक अंगठा पुढे धरलेले. आवाज कापला होता. अप्पा कापले नव्हते.

खोलीत कुणाला काही वाटलं नाही. पण दुसऱ्या प्रश्नानंतर पुन्हा अप्पा. तीच सहा बोटं. प्रेक्षकांचं तेवढं एकच जिवंत चित्र त्यांना मिळालं असणार, कारण बाकीचे सगळे बाकावर पुतळ्यासारखे बसले होते. ताजमहाल कुणी बांधला? अप्पा, सहा बोटं. पाण्याचं सूत्र काय? अप्पा, सहा बोटं.

"हे गृहस्थ कोण हो?" पेन्शनर आजोबांनी विचारलं. "जरा बरं नसावं त्यांना."

अव्वानं पदर डोळ्यांवर ओढला. आत्या म्हणाली, "कोण की."

शेवटी अक्कलकोटचा प्रश्न आला. पडद्यावरची मी तोंड उघडं टाकून बसले होते. टायवाला "सोलापूर" म्हणाला, आणि लगेच अप्पा, त्याच उत्साहानं. जणू सोलापूर हे त्यांनीच त्याला सांगितलं. खोलीतली एकेक मान टीव्हीकडून दाराकडे वळली. अप्पांनी हळूच टोपी काढली आणि खिशात घातली. त्यानं फारसा फरक पडला नाही.

सोलापूरच्या गाडीत कुर्डुवाडी आल्यावर अप्पा माझ्याकडे सरकले. मग म्हणाले, "दुकानातला कोळी मी सोता मोजलाय. सहाच हायत."

"रोज त्येला झाडू मारता," अव्वा म्हणाली. "दोन तुमीच उडवलं असतील."

पण खरा धक्का पुढेच होता. शाळेत गेलो तर दारावर तोरण, मैदानात मांडव. फळ्यावर रंगीत खडूनं लिहिलेलं, 'टीव्हीवरील स्पर्धेत द्वितीय क्रमांक.' मुख्याध्यापिकाबाईंनी निकाल विचारला तेव्हा आमच्या बाईंनी एवढंच सांगितलं होतं. त्यात खोटं काहीच नव्हतं. सोलापुरात कार्यक्रम कुणी पाहिलेला नव्हता. सत्काराला अध्यक्ष म्हणून टॉवेलचे एक कारखानदार आणले होते.

ते जोरात बोलले. "मुंबईत जाऊन दुसरा नंबर काढायचा, हे काय खायचं काम न्हाय." मग हार उचलून माइकमधूनच त्यांनी पद्माला कौतुकानं विचारलं, "एकूण संघ किती होते, बाळ?"

पद्माला खोटं बोलता येत नसे.

"दोन," ती म्हणाली.

बाईंनी डोळे मिटले. अप्पा मांडवाच्या खांबाआड गेले. अध्यक्षांनी हातातल्या हाराकडे पाहिलं, मग पद्माकडे.

"म्हंजे पहिल्या दोघांत आल्या की," ते म्हणाले.

आता टाळ्या वाजवायच्या की नाहीत, ते कुणाला ठरवता येईना. शेवटी मीच सुरुवात केली.