पालथी टोपली

पनवेलच्या मासळी बाजारात जागा रिकामी दिसली की तिथे दुसरी बाई येऊन बसते. म्हणून आजारी बाई आपली टोपली जागेवर पालथी घालून ठेवते, आणि शेजारीण ती राखते. आईची टोपली तशी पालथी पडली होती. आतड्याचा कॅन्सर यकृतात पोचलाय, हे मी तिला कितीदा समजावलं. तिचा प्रश्न एकच, "डोक्यावर मासळीची पाटी कंदी उचलीन?"

डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले. पोट उघडून ऑपरेशन केलं तर उठून फिरायला वेळ लागेल. दुर्बिणीतून केलं तर छोटी छिद्रं, लवकर घरी. तुमच्या आईच्या गाठी दोन्ही रस्त्यांनी निघतील, म्हणाले. पण आत अडचण आली तर पोट उघडावं लागेल.

"पोट नाय फाडायचं," आई म्हणाली. "मंग पाटी पेलवत नाय."

माझं डोकंच फिरलं. "जिवावर बेतलंय आणि तुला पाटीचं पडलंय?" मी दवाखान्यात सगळ्यांदेखत ओरडले. रडू मलाच फुटलं. शेवटी दुर्बीण ठरली.

ऑपरेशनच्या दिवशी मी एकवीरेला साकडं घातलं, आईचं पोट उघडायची वेळ आणू नकोस. अर्धा दिवस लागेल म्हणाले होते आणि डॉक्टर तासाभरातच बाहेर आले. मला वाटलं, देवी पावली.

"दुर्बीण घालून पाहिलं," ते म्हणाले. "पोटाच्या अस्तरावर सगळीकडे पसरलंय. स्कॅनमध्ये दिसलं नव्हतं. आता यकृतातल्या गाठी काढून उपयोग नाही, म्हणून काहीच न काढता टाके घातले." औषधं चालू ठेवू, असंही काहीतरी म्हणाले. मी नुसती मान हलवत होते. पोट उघडा हो, वाटेल तेवढं फाडा, असं त्यांच्या पाया पडून सांगावंसं वाटत होतं.

शुद्धीवर आल्यावर आईनं पोट चाचपलं. बारीक पट्ट्या हाताला लागल्या तशी ती हसली. "बग, नाय फाडलं. जा, बाजारात सांगून ये."

मी गेले. शेजारची मावशी कोलंबी सोलत होती. "किती फाडलं गो?"

मी बोटाचं पेर दाखवलं.

"एवडंच? एकवीरा आई पावली गो!" तिनं ओल्या हातांनीच नमस्कार केला, बादलीभर पाणी आणलं आणि आईची जागा खसाखसा घासायला घेतली. "आता बसंल ना ती?"

मी हो म्हणाले आणि टोपली सुलटी केली.