रांगेतले पन्नास नग

नव्वदीच्या सुरुवातीला अंबरनाथच्या आमच्या कारखान्यात एक आकडा आला. तो कुणालाच समजला नव्हता, आणि त्याच्याविषयी सगळेच अधिकारवाणीनं बोलत होते. आम्ही स्कूटरसाठी पोलादी पिना घासून देत असू. पुण्याच्या गिऱ्हाइकानं कळवलं की यंत्राची क्षमता मोजून पाठवा. पद्धत साधी होती. यंत्राला मधे हात न लावता ओळीनं निघालेले पन्नास नग घ्यायचे, मोजायचे, आणि त्यांच्यातला फरक ठरलेल्या मर्यादेत किती ऐसपैस बसतो ते एका आकड्यात सांगायचं. आकडा एक पूर्णांक तेहतीस शतांश किंवा त्याहून वर हवा. संख्याशास्त्र शिकलेला मी एकटाच होतो, म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

घासणीच्या यंत्रावर चामटोलीचे एक वयस्क कामगार होते. सगळे त्यांना मामा म्हणत. यंत्राचं बेअरिंग झिजलेलं होतं. दर आठ-दहा नगांनंतर मामा पिन बोटांत फिरवून बघत, आवाजाकडे कान देत आणि चाक केसभर पुढे-मागे घेत. माल पास होत होता तो या हातामुळे. त्यातूनही जे वाईट नग निसटत, ते तपासणीच्या टेबलावरच्या दोन बायका गेज लावून बाजूला काढत. मामांना नुसतं उभं ठेवून मी प्रामाणिकपणे मोजलं, तेव्हा आकडा एकाच्याही खाली आला.

मॅनेजरसाहेबांनी कागद उलटा-सुलटा बघितला. त्यातलं त्यांना काही कळत नव्हतं, आणि कळत नसल्याची लाजही नव्हती.

"हे काय आणलंस?"

"ओळीनं निघालेले पन्नास घेतले, साहेब. तसाच नियम आहे."

"मग गोदामातून चांगले पन्नास निवड आणि ट्रेमध्ये ओळीनं लाव. झाली ना ओळ?"

मी लावली. निवडण्यात मी इतका काटेकोर निघालो की आकडा चारच्या वर गेला. साहेब घाबरले. "एवढं नको रे बाबा, संशय येईल. थोडा कचरा घाल." मग मी मोजून-मापून कचरा घातला आणि दीडवर थांबलो. लबाडीतही दशांशाची चूक होऊ नये, याची मी काळजी घेतली. त्याला मी तेव्हा कौशल्य समजत होतो.

पुण्याचा इंजिनियर आला, उल्हासनगरहून मागवलेलं जेवण भरपेट जेवला आणि यंत्रापाशी न जाताच सही करून गेला. तिथे कपड्यांवर तेल उडतं. साहेबांनी कागद काचेच्या चौकटीत घालून केबिनमध्ये लावला. आठवड्याभरात त्यांचा स्वतःचाच त्याच्यावर विश्वास बसला. "मशीन सक्षम आहे, मग तपासता कशाला?" म्हणत त्यांनी दोन्ही बायकांना पॅकिंगला पाठवलं.

दिवाळीच्या तोंडावर एक अख्खा लॉट परत आला. पिना जाड होत्या, काही लंबगोल. मामांना केबिनमध्ये बोलावलं. मीही होतो.

"बेअरिंग गेलीय, सायेब. मी दोनदा सांगितलंय," मामा म्हणाले.

"कागद बघ. मशीन दीड आहे. मशीन चांगली, तर मग वाईट कोण?" साहेब आपल्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या माणसाला बोट दाखवून विचारत होते. मग माझ्याकडे वळले. "कागद तुझाच ना?"

"हो."

मामांनी माझ्याकडे बघितलं. "भाऊ, तू सोता मोजलंस?"

"मोजलं, मामा."

ते खरंच होतं. एकेक नग मी मायक्रोमीटरनं मोजला होता. "मंग माझाच हात चुकला आसंल," मामा म्हणाले. त्यांच्याकडून राजीनामा लिहून घेतला. लिहिलाही मी, कारण माझं अक्षर चांगलं. पुढच्या वर्षी मला बढती मिळाली. साहेबांविषयी मला वाटणारा तिरस्कार पुरेसा आहे, असं मानून मी शिरगावात घर घेतलं.

पुढे काही वर्षांनी मामा वारल्याचं कळलं. दहाव्याच्या दिवशी मी चामटोलीला गेलो. मामींनी मला ओळखलं. पडवीत बसवून त्या सांगू लागल्या, "कंपनी सुटली तवापासून खचले. थोरल्याला तुमच्याच तिकडं मशीनवर लावत व्हते, त्यांनी जाऊ दिलं नाय. म्हनायचे, आपल्या हाताला माप नाय. शिकलेल्या मानसानं मोजून कागदावर दाखवलंय."

थोरला दारात उभा होता. बापासारखीच जाड, लांब बोटं. तो वीटभट्टीवर कामाला जात असे.

"मामी, तो कागद खोटा होता," मी म्हणालो. "मामांचा हात चुकला नव्हता."

त्या रागावल्याही नाहीत.

"ह्ये त्यांना सांगायचं व्हतं," त्या म्हणाल्या, आणि आत निघून गेल्या.