पाचवा टिकत नाही

आमच्या गाडीचा पाचवा गिअर सुटतो हे कळायला आम्हाला किती काळ लागला, देव जाणे. मुलुंडात पाचवा टाकायची वेळच येत नाही. गेटातून बाहेर पडलं की पहिला, दुसरा, मग रिक्षा आडवी, की परत पहिला. फार मोकळं मिळालं तर तिसरा. चौथा सणासुदीला.

कळलं ते ऐरोलीच्या पुलावर. रविवारी सकाळी आम्ही दोघं नणंदेकडे निघालो होतो. पूल रिकामा होता. मी ऐटीत पाचवा टाकला. पुढे टेम्पो दिसला म्हणून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, आणि खट्. दांडा आपसूक मधे येऊन उभा राहिला. पाय परत दाबला तर इंजिन नुसतं बोंबलायला लागलं आणि गाडी आपली घरंगळतेय.

"काय केलंस?" आमचे हे म्हणाले.

"मी काहीच नाही केलं. तोच बाहेर आला."

"गिअर आपणहून बाहेर येतो होय?"

"मग काय, मी हाक मारली त्याला?"

परत टाकला. परत पाय उचलला, परत खट्. नणंदेच्या दारापर्यंत आम्ही चौथ्यातच गेलो, आणि ती बिचारी म्हणाली, "आज लवकर पोचलात!"

ह्यांना पाचवा गिअर म्हणायला कमीपणा वाटतो. गाडीबरोबर आलेलं माहितीपुस्तक त्यांनी इतक्या भक्तीने वाचलंय की ते त्याला 'ओव्हरड्राइव्ह' म्हणतात. म्हणजे चाकं जोरात पळतात आणि इंजिन मात्र कमी फिरतं. मला ते स्वयंपाकातलं समजतं. एकदा उकळी फुटली की गॅस बारीक करावा, तरी आमटी शिजत राहते. तसा तो गिअर. वेग धरायला नाही, धरलेला वेग स्वस्तात टिकवायला.

हे मला आज कळतं. गाडी नवीन होती तेव्हा जी बाई ती चालवायची, म्हणजे मीच, तिला गिअर म्हणजे शाळेच्या इयत्ता वाटायच्या. पाचवीत गेल्याशिवाय पास नाही! गॉगल डोक्यावर, ओढणी सीटबेल्टमध्ये अडकलेली, आणि ऑफिसात कुणीतरी सांगितलेलं की पाचव्यात पेट्रोल कमी लागतं. झालं. भाजीमार्केटच्या रस्त्यावर, हातगाड्यांच्या मधून, सायकलवाला ओव्हरटेक करून जातोय अशा वेगात ही पाचव्यात. गाडी थंडी वाजल्यासारखी हुडहुडायची. बाई म्हणायची, रस्ताच खराब आहे. आमचे हे बाजूच्या सीटवर डॅशबोर्डला धरून बसायचे आणि अवाक्षर काढायचे नाहीत. नवीन लग्नातही एवढे गप्प नव्हते.

असो. तर भांडुपच्या मेकॅनिकने गाडी गल्लीत एक फेरी मारून आणली. गल्लीत पाचवा कुठून पडणार? मी सांगितलं तेवढ्यावर त्याने मान डोलावली. "आँटी, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. आत काय झिजलंय ते उघडल्यावरच कळेल. आणि या गाडीचे आतले पार्ट आता मिळतील की नाही, गॅरंटी नाही."

घरी येऊन ह्यांनी फर्मान काढलं. "गिअरबॉक्स उघडायचा नाही. उघडावा लागणार असेल तर गाडी भंगारात. तशीही पंधरा वर्षं भरत आलीत, नोंदणी नव्याने करायची वेळ आलीच आहे."

अंधेरीला राहणाऱ्या आमच्या मुलाला हे आयतंच फावलं. फोनवर म्हणाला, "आई, माझ्या ओळखीचा माणूस आहे. घरी येऊन घेऊन जाईल गाडी. तू कॅब बोलव ना यार, झकास मागे बसून जा."

मागे बसून जा! तिथेच तर घोडं पेंड खातं. घरात आमच्या ह्यांच्यापुढे टीव्ही असतो, पेपर असतो, शब्दकोडं असतं. बाहेर पडलो की चार ओळखीचे भेटतात. हा माणूस मला एकटा असा सापडतो तो गाडीतच. मी चालवत असते, ते शेजारी, पळून जायला वाट नाही. आमची सगळी मोठी भांडणं त्या दोन सीटांवर झाली, आणि मुलीचं लग्न, फ्लॅट घेणं, ह्यांच्या ऑपरेशनचा निर्णय, सगळं तिथेच ठरलं. कॅबमध्ये कसं बोलायचं? ड्रायव्हर कान देऊन ऐकतो आणि आरशातून बघतो. मी एकदा प्रयत्न केला, तर हे मला इंग्रजीत उत्तरं द्यायला लागले!

"दसऱ्यापर्यंत थांबा," मी म्हटलं. "बॉक्स न उघडता दोष सापडला तर गाडी राहणार. कबूल?"

"तू शोधणार?"

"मग काय तुमचं माहितीपुस्तक शोधणार?"

"कबूल," ते म्हणाले, आणि शब्दकोड्यात तोंड घातलं. हरायची भीती नसलेला माणूस कसा असतो, ते मी बघून ठेवलं.

पहिला संशय पायाखालच्या मॅटवर. ती दांड्याला अडत असेल, म्हणून काढून टाकली. मग दांड्याच्या बुडाशी जो रबराचा झगा असतो तो कडक होऊन दांडा मागे ओढत असेल, म्हणून तोही सैल केला. पण पुलावर जाऊन बघितलं तर खट्.

तिसऱ्या खेपेला मी शेजारणीला बरोबर घेतलं. मालवणची बाई, मनगट भक्कम, एका हाताने नारळ सोलते. हे मागच्या सीटवर बसले, पंच म्हणून.

"वयनी, तुम्ही फक्त दांडा धरून ठेवा. सुटू द्यायचा नाही."

"ह्यां काय कठीण? धरतंय."

पाचवा टाकला, पाय उचलला. शेजारीण ओरडली, "गो बाये! ह्यो माका ढकलता हा!"

"धरा, धरा!"

"धरलंय गो, पण ह्येच्यात जीव आसा! पुढे येता, मागे जाता, रेड्यासारखो!"

मागून हे म्हणाले, "बघ. आतून झिजलाय. संपलं."

शेजारणीने मात्र दांडा सोडला नाही. मी पुलावरून उतरताना चौथा टाकला, तिसरा टाकला, तरी तिचा हात तिथेच. आणि ती आपली बडबडतेय, "आतापण ढकलता हा. तसांच. जरा कमी, पण ढकलता."

"कुठल्या गिअरला?"

"सगळ्याक गो!"

मी गाडी कडेला घेतली. घरात एकाच पोराचं पोट बिघडलं तर त्याने बाहेर काहीतरी खाल्लेलं असतं. सगळ्या घराचं बिघडलं तर पाणी बघायचं असतं. पाचव्याचेच दात झिजले असते तर एकट्या पाचव्याने रडावं. सगळेच दांडा हलवतायत, म्हणजे रोग गिअरांचा नाही. ते ज्याला जोडलेत ते अख्खं धूड हलतंय.

"अहो, इंजिन कशावर बसतं?"

"माउंटिंगवर. रबराचे पाय असतात," हे मागून म्हणाले. पुस्तक वाचलेल्या माणसाच्या डोक्यात पान उलटल्याचं मला आरशात दिसलं.

घरी पोचल्यावर कंपाउंडातच परीक्षा घेतली. दुपारी लोक सिरियल बघतात, मी मोबाइलवर गाड्या दुरुस्त करणारी पोरं बघते, त्यातलीच ही युक्ती. हँडब्रेक ओढायचा, ब्रेक दाबून धरायचा, पहिला टाकून क्लच कणभर सोडायचा. ह्यांनी बॉनेट उघडलं आणि बाजूला जाऊन उभे राहिले.

"समोर उभे राहा ना, नीट दिसेल."

"तुझ्या समोर? नको. माझा विमा संपलाय."

मी क्लच सोडला. गाडी कुठे हलली नाही, पण बॉनेटखालून धप्प आवाज आला. मग रिव्हर्स टाकून तसंच केलं. परत धप्प.

"काय दिसलं?"

ते बॉनेटखाली वाकले.

"अहो, काय दिसलं?"

"परत कर," ते म्हणाले. तोपर्यंत शेजारीणही वाकून बघत होती. मी परत केलं.

"अगो, कूस बदलता हा!" शेजारीण हसायला लागली. "झोपेत माझो घोव वळता ना, तसां!"

इंजिन एका बाजूने उचललं जात होतं आणि परत आदळत होतं. खालचं रबर पार फाटलेलं. पाय उचलला की इंजिन झोका घ्यायचं आणि दांडा आणि गिअरबॉक्स जोडणारी सळई ओढून न्यायचं. पाचवा बिचारा सगळ्यात कमी पकड घेऊन बसलेला, म्हणून तो आधी सुटायचा.

मेकॅनिकला बोलावलं. त्याने टॉर्च मारला, जीभ चावली आणि म्हणाला, "अरे, हे बघायलाच पाहिजे होतं." रबराचे पाय मिळाले, त्याने ते बसवले. गिअरबॉक्स आपला झाकलेलाच राहिला.

पुढच्या रविवारी फक्त आम्ही दोघं पुलावर गेलो. खाडीवर ऊन पडलं होतं. पाचवा टाकला आणि पाय उचलला. ह्यांचा हात दांड्याच्या वर, पोळी फुगायची वाट बघावी तसा, आणि दांडा जागचा हलला नाही. पाय दाबला, उचलला, दाबला. काही नाही.

"मग?" मी म्हटलं.

"बरं."

"बरं म्हणजे?"

"बरं म्हणजे बरं." ते खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "आता वर्षातून कितीदा टाकशील हा पाचवा?"

"दोनदा."

"त्यासाठी एवढा खटाटोप?"

"त्या दोनदा तुम्ही टीव्हीपुढे नसाल."

ते हसले. मग खिशातून फोन काढून त्यांनी मुलाला लावला. "अरे, तुझ्या त्या माणसाला नको म्हणून सांग... हो, गाडी राहतेय... नाही, अगदी ठीक चालते. आवाज येतो थोडा, पण तो तुझ्या आईचा."

"फोन ठेवा," मी म्हटलं, "मला तुमच्याशी बोलायचंय."