समोरच्या गाळ्यातली शीलाताई

शीला वानखडे हसायची तेव्हा तळहात तोंडावर धरायची. दातांची डॉक्टर असून! मला तो निव्वळ नखरा वाटायचा. नांदुऱ्यात स्टेशनच्या रस्त्यावरचा वडिलांचा दातांचा दवाखाना मी पुढे चालवत होते, आणि ही बीबी गावाहून आली ती थेट समोरच्या गाळ्यात खुर्ची टाकून बसली. बघता बघता गाडीतून उतरणारे पेशंट माझ्या दारात थांबून तिचं दार विचारू लागले. मला लोक ‘मॅडम’ म्हणत. तिला ‘शीलाताई’. हे मला जास्त झोंबायचं.

तिची एक तऱ्हा होती. एक्स-रे बघण्याआधी ती पेशंटच्या हिरडीवर बोटाचं टोक ठेवायची आणि म्हणायची, “आता चाव. हळूच घास.” दातावर दात टेकला की मुळाशी होणारी थरथर तिच्या बोटाला कळायची. मग तिचं ठरलेलं वाक्य, “खुंटा धड हाय बापू, जमीन पाहा.” खुंटा म्हणजे दात, जमीन म्हणजे हिरडी. हे बोट ठेवणं काही तिनं शोधून काढलं नव्हतं, आम्हां सगळ्यांना कॉलेजात शिकवलेलंच होतं. पण नाव तिचं झालं. माझी धाड गावची नणंद बस बदलत नांदुऱ्याला आली, माझ्याकडे पोटभर जेवली आणि दात दाखवायला समोर गेली!

त्याच सुमारास माझी खालची दाढ हलायला लागली. नवरा म्हणायचा, “तू झोपेत कराकरा दात खातेस.” सासूबाई म्हणाल्या, जंत झाले असतील. मी दोघांचंही ऐकलं नाही. दोष हिरडीचाच, असं ठरवून गुपचूप जळगावच्या डॉक्टर मैत्रिणीकडून हिरड्या साफ करून घेतल्या. दाढ हलायची ती हलतच राहिली. इतरांचे दात वाचवणारीची स्वतःची दाढ पडली, तर समोर केवढं हसं होईल! शेवटी एका दुपारी, रस्त्यावर कोणी नाही असं बघून, मी तिच्या खुर्चीत जाऊन बसले.

तिनं बोट ठेवलं. “चाव.” मी चावले. “घास.” मी घासलं.

“हिरडी तं एकदम साफ हाय,” ती म्हणाली. “जमीन पक्की हाय, मंगल. बैलच हिसके देऊन राह्यला.”

मग मला माहीत असलेलंच तिनं मला सांगितलं. दात हाडात थेट रुतलेला नसतो, मध्ये बारीक धाग्यांची गादी असते. रोज दात खाल्ले की ती गादी चेंगरते, जागा फाकते, दात डुलतो. हिरडी निरोगी असेल तर भार उतरल्यावर तो पुन्हा घट्ट होतो. पण हिरडीला आधीच सूज असली, तर हाड भराभर खचू शकतं.

“तुही दाढ अजून वाचते,” ती म्हणाली. “पन बैल कोन हाय वं? रातभर कोनाले चावून राह्यली?”

“कोणाला नाही,” मी म्हणाले. ती तोंडावर हात धरून हसली.

तिनं माप घेऊन रात्री दातांवर घालायचं नाईटगार्ड करून दिलं. मी ते कपाटात टाकलं. हिच्या हातची वस्तू तोंडात धरून झोपायचं? दाढ गेली तरी चालेल, असं मला खरोखर वाटलं.

आणि मग शीलाच गेली. दुखणं अंगावर काढलं होतं म्हणे. पुण्यानुमोदनाला मी बीबीला गेले. बुद्धवंदना झाली, बाया रडत होत्या, आणि मी दाढा आवळून बसले होते. माझ्यासाठी इतकं कोण रडेल?

तिची मोठी बहीण माझ्याजवळ आली. “तुमीच का समोरच्या मॅडम?” तिनं आतून एक डबी आणली. डबीत नाईटगार्ड होतं, एका बाजूला झिजून आरपार भोक पडलेलं.

“हे कुणाचं?”

“शीलाचं. समदे दात झिजेल होते तिचे. म्हून तं हासताना हात धरे. मी म्हनो, काऊन खातं वं दात? तं म्हने, समोरचीले बापाचा दवाखाना आयता भेटला. मी किती बी मरमर केली तरी मोठ्या घरचे लोकं तिलेच मॅडम म्हंतात, मले ताई.”

खोटं कशाला सांगू, आधी मला आनंद झाला. मग जे रडू आलं ते आवरेना. तिच्या बहिणीलाच मला पाणी द्यावं लागलं.

घरी आल्यावर मी कपाटातलं नाईटगार्ड काढलं. तिचं माप अचूक होतं. आता दाढ घट्ट आहे. समोरच्या गाळ्यात मोबाईलचं दुकान आलंय, आणि तिचे सगळे पेशंट माझ्याकडे येतात. खुर्चीत बसल्या बसल्या म्हणतात, “मॅडम, शीलाताई आधी बोट ठेवत.”

मी बोट ठेवते.