दिनूचे प्लॅटी

वहिनींचा फोन आला तेव्हा शाळा सुटली होती आणि मी सांगलीत पेपर तपासत बसलो होतो. "भावजी, हे उठंनात वो..." एवढंच त्या बोलल्या. माझा मित्र दिनू गेला त्याला आता दोन महिने होतील. मन अजून मानत नाही.

दिनू फौजेतून हवालदार होऊन तासगावला परतला आणि सगळ्यांसारखी द्राक्षबाग लावायची सोडून पुढच्या खोलीत काचेची टाकी मांडून बसला. तिच्यात केशरी, लाल, पिवळे प्लॅटी मासे. बंदूक धरलेला माणूस माशांना चिमटीनं भरवतो म्हणून मी त्याची यथेच्छ टिंगल करायचो. त्याला राग येत नसे. "लय गरीब जात हाय, गड्या. चिमूटभर खाणं, आठवड्याला थोडं पाणी बदलायचं, बास. एक जोडी ने की घरी." मी कधी नेली नाही, याची चुटपुट आता लागते.

दहाव्याला ओढ्याकाठी पिंडाला कावळा शिवेना. भावांनी पोरीच्या लग्नाचा शब्द दिला, बांधाचा वाद मिटवायचा दिला... कावळा बाभळीवरून हलेना. ऊन डोक्यावर आलं. वहिनी हळूच म्हणाल्या, "आवं, माशांचं म्हणून बघा." मी उभा राहून कंटाळलो होतो. "दिनू, मासे मी नेतो रं," म्हणून मोकळा झालो. कावळा लगेच उतरला.

आणि मी मासे नेलेच नाहीत. आज नको, रविवारी बघू, असं करत महिना घालवला. मग वहिनींचा पुन्हा फोन. मासे दाराकडच्या काचेला लागून नुसते उभे असतात, खात नाहीत, मरतही नाहीत. "त्या खोलीत पाय टाकायचं भ्या वाटतंय, भावजी. शब्द दिलाय तुमी."

त्याच दुपारी गेलो. मी उंबऱ्यात पाऊल ठेवलं आणि सगळे मासे काच सोडून टाकीभर फिरायला लागले. वहिनींनी तोंडाला पदर लावला.

टाकी घरी आणली. वहिनी रोज विचारायच्या, "खात्यात न्हवं मासं?" मी व्हय म्हणायचो. त्यांना आता कुठं झोप लागत होती, ती मोडायचं धाडस मला झालं नाही. खरं तर खाणं पाण्यावर तसंच तरंगायचं. मासे पुढं येऊन थांबायचे, पण त्यांची तोंडं माझ्याकडे नसायची. माझ्या डाव्या हाताला जी रिकामी जागा आहे, तिकडे असायची.

काल तिथं एक खुर्ची ओढून ठेवली. "बस रं," म्हणालो. मासे वर आले आणि खायला लागले.