मीरासाबची कोरी पाकळी

आमच्या मंगळवार पेठेत दारी आलेल्याला आधी भाकरी वाढतात, आणि तो हात धुवायला उठला की मग एकमेकांना विचारतात, "पावणं आलंय कशापायी?" संशय हे आमचं तोंडीलावणं आहे, त्याच्याशिवाय घास उतरत नाही. मीरासाबची गोष्ट सांगायची तर हे आधी सांगायला पाहिजे. तो माणूस चोर नव्हता, लबाड नव्हता, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तरी अख्खी पेठ त्याच्याकडं तिरक्या नजरेनं बघत होती.

शाहू महाराज गादीवर येऊन पाच-सहा वर्षं झाली असतील तेव्हाची ही हकीकत. मीरासाब गाड्या रंगवायचा. बैलगाड्या. त्याचा बाप कुतुबुद्दीन हेच करायचा. पेठेच्या टोकाला एक चिंच होती, तिच्याखाली, घराच्या दारातच, त्यांचं काम चाले. सुताराकडून गाडी कोरी करकरीत आली की मीरासाब आधी लाकडाला जवसाचं तेल पाजायचा. मग हिंगुळाचा लाल, हरताळाचा पिवळा, निळीचा निळा. बगलेच्या फळ्यांवर मोर, कमळं, वेली. चाकाच्या आऱ्यांवर तो असे नागमोडी पट्टे ओढायचा, की चाक फिरायला लागलं की पट्टे पळायला लागत, आणि पोरंटोरं गाडीमागं तालमीपर्यंत धावत. कोल्हापूरचा माणूस आधीच हौशी. बायकोच्या लुगड्याला ठिगळ असेल, पण गाडीच्या चाकाला रंग पाहिजे म्हणजे पाहिजे.

ह्या गाड्या गूळ भरून आजऱ्यावरून आंबोलीचा घाट उतरत आणि वेंगुर्ल्याला जात. येताना नारळ, मीठ आणि गुळाचा पैका घेऊन वर येत. घाटातल्या वाड्यावस्त्यांवर बायका हातातलं काम टाकून रस्त्याला येत, "कोल्हापूरची गाडी आली बघा" म्हणून. मीरासाब स्वतः कधी आजऱ्यापलीकडं गेला नव्हता. त्याचे मोर मात्र समुद्र बघून आले होते.

त्याची एक रीत होती. प्रत्येक गाडीवर, कुठंतरी आडबाजूला, एका कमळाची एक पाकळी तो रंगवायचाच नाही. तिथं नुसतं लाकूड दिसायचं. बाळाच्या गालाला आई काजळाची तीट लावते ना, तसं. पुरं काम वरच्याचं, माणसानं पुरं केलं की दृष्ट लागते, असं कुतुबुद्दीननं शिकवलेलं. आणि दुसरं असं शिकवलेलं, की ती पाकळी कुठं आहे ते मालकाला सांगायचं नाही. सांगितली की तिचा गुण उतरला. म्हणून मीरासाबनं ही गोष्ट तोवर कुणाला सांगितली नव्हती. बायकोला, लालबीलासुद्धा नाही. इथंच सगळा घोळ झाला.

त्या वर्षी दिवाळीनंतर घाटात गाड्या लुटल्या जायला लागल्या. आधी आकारामची, मग जोतीरामची, मग आणखी एक. तिन्ही पेठेतल्या. तिन्ही मीरासाबच्या हातच्या. आकाराम आपली लुटलेली गाडी पाण्यानं धूत होता आणि शेजारी गुंडू बसला होता. गुंडूला कामधंदा बेताचा, डोळे मात्र तिखट. त्याला मागच्या फळीवरची कोरी पाकळी दिसली. उठून तो जोतीरामच्या गाडीकडं गेला. तिथंही एक. तिसऱ्या गाडीवरही एक. झालं. सांज व्हायच्या आत पेठेत बोभाटा झाला, की मीरासाब गाड्यांवर खूण करून ठेवतो आणि घाटातल्या दरोडेखोरांना ती ठाऊक आहे.

माणसं चिंचेखाली जमली. सगळ्यांच्या पुढं सयाजी. हा सयाजी मीरासाबचा जिवाभावाचा माणूस, दोघं एका तालमीत घुमलेले, एकमेकांच्या ताटात जेवलेले. त्याची गाडी अजून लुटली गेली नव्हती.

"मीरासाब, ह्यी पाकळी कशाची?" सयाजीनं विचारलं.

मीरासाबच्या हातात कुंचला होता. तो खाली बघत म्हणाला, "ऱ्हायली आसंल."

"तिन्ही गाड्यांवर ऱ्हायली?"

"रीत हाय आमची."

"कसली रीत?"

"सांगाय येत न्हाय रं सयाजी. इस्वास ठेव."

आता मला सांगा, गाड्या लुटल्या जात असताना "सांगता येत नाही" म्हणणाऱ्या माणसावर कोण विश्वास ठेवील? मला मीरासाबचा राग येतो तो इथं. सांगून टाकायचं की! दृष्ट लागली असती तर लागली असती. पण बापानं घातलेली शपथ मोडवेना, आणि तोंड बंद ठेवलं की गुन्हा कबूल केल्यासारखा दिसतो, हे त्या भल्या माणसाला कळेना. शेवटी लालबी आतून ओरडली, "अवं, सांगा की काय आसंल ते! लोक चोर म्हनाय लागल्यात!" तेव्हा त्यानं मान खाली घालून सगळं सांगितलं. वर म्हणाला, "पेठेतली कंचीबी गाडी बगा. न लुटलेल्या गाडीवरबी पाकळी कोरीच हाय."

माणसं गेली, बघून आली. खरंच होतं. प्रत्येक गाडीवर एक कोरी पाकळी. एवढ्यानं संशय फिटायला हवा होता की नाही? पण गुंडू म्हणाला, "बगा! म्हंजे ह्येनं सगळ्याच गाड्या दावून ठेवल्यात. आज त्येंची, उद्या आमची!" आणि लोकांनी माना डोलावल्या. संशयाला औषध नाही म्हणतात ते उगीच नाही.

चिंचेखालचं काम थांबलं. नवी गाडी कुणी आणेना. लालबी पाण्याला गेली की बायकांचं बोलणं बंद पडायचं. मीरासाबचा मेहुणा शमशुद्दीन म्हणाला, आजऱ्याला चल, तिथं काय तरी बघू. मीरासाब म्हणाला, "आता गेलो तर पळाला म्हनतील." नाव धुऊन निघाल्याशिवाय पेठ सोडायची नाही, असं त्यानं मनाशी धरलं होतं. त्यातही पेठेचं काही का होईना, सयाजीनं तरी आपल्याला चोर समजू नये, एवढीच त्याची तडफड होती. लालबीला तो तसं बोलूनही दाखवायचा.

मग सयाजीचीच गूळ घेऊन जायची पाळी आली. तो चिंचेखाली आला, गाडी उभी केली आणि म्हणाला, "ती पाकळी भर."

"न्हाय भरनार. बाचा सबूद हाय."

सयाजीनं तिथला गेरूचा गोळा उचलला, थुंकीनं ओला केला आणि बोटानं ती पाकळी स्वतःच भरून टाकली. रेघेच्या बाहेर गेलेली, मळकट तांबडी, शेणानं सारवल्यासारखी. सयाजी बोट धोतराला पुसत म्हणाला, "आता खूण न्हाय. आनि तूबी गाडीत बसायचं. वेंगुर्ल्यापातूर. लुटली तर तुज्यासकट लुटू दे."

मीरासाबनं खांद्यावर घोंगडं टाकलं आणि गाडीत बसला.

ह्या प्रवासात दोन मित्र किती बोलले असतील? बैलांशीच जास्त बोलले. आजऱ्याच्या बाजारात एका माणसानं हाळी दिली, "काय मीरासाब, इकडं कुठं?" त्याची गाडी मीरासाबनं पूर्वी रंगवली होती, एवढीच ओळख. पण सयाजीनं त्या माणसाचा चेहरा, मुंडासं, पायताण सगळं डोळ्यांत भरून घेतलं. मीरासाबला ते दिसलं. मग पुढं वाटेत कुणी ओळखीचं भेटलं तरी तो घोंगडं डोक्यावरून घेऊन बसायला लागला. त्यानं सयाजीला वाटलं, हा तोंड लपवतोय! काय करावं बिचाऱ्यानं? बोलला तरी चोर, गप्प बसला तरी चोर.

वेंगुर्ल्याला गूळ उतरवला, नारळ भरले, पैका कंबरेच्या कसणीत बांधला. मीरासाबनं तिथं पहिल्यांदा समुद्र बघितला. सयाजीला तो म्हणाला, "निळीत एवडं पानी कोन वततंय रं?" सयाजी हसला नाही. मीरासाबला फार वाईट वाटलं. पूर्वी असल्या बोलण्यावर सयाजी पोट धरून हसला असता.

परतीला घाट चढताना सकाळची उन्हं नुकती वळणावर आली होती. पुढं चार गाड्या चालल्या होत्या, कोकणातल्या, बिनरंगाच्या, धुळीत न्हालेल्या. त्या वळण घेऊन दिसेनाशा झाल्या. मागून सयाजीची गाडी वळणावर आली, आणि करवंदीच्या जाळीतून तीन माणसं कुऱ्हाडी घेऊन रस्त्यात उतरली.

त्या क्षणी सयाजीनं आधी बघितलं ते मीरासाबकडं. दरोडेखोरांकडं नाही. कुऱ्हाड समोर असताना हा माणूस आपल्या मित्राच्या तोंडाकडं बघत होता, कुणाला ओळख देतोय का म्हणून. मीरासाबनं ती नजर बघितली. पुढं सारी उमर तो सांगायचा, की कुऱ्हाडीची भीती वाटली नाही, त्या नजरेची वाटली.

सयाजीची कसणी त्यांनी कापून घेतली. मीरासाबलाही एक थोबाडीत बसली, घोंगडं गेलं. ते निघाले, तसा मीरासाब गाडीतून खाली उतरला.

"एवडं सांगून जा बाबा," तो म्हणाला. "म्होरनं चार गाड्या गेल्या. त्या सोडल्या आनि ह्यीच का धरली? कसली खूण बगितली?"

त्यांच्यातला एक थांबला. त्यानं फळीवरच्या मोरावर हात फिरवला. मजेत होता, काम फत्ते झालेलं. "खूण कसली? ह्यी सगळी गाडीच खूण की! खालच्या वळनावर हुती तवापास्नं चमकतीया. आसली नक्षी काय रिकाम्या कंबरेचा मानूस करून घील व्हय? ज्येनं रंगवलीया त्येचं हात सोन्याचं हायीत. आमचं पोट चालतंय त्येच्यावर."

आणि ते जाळीत शिरले.

मीरासाब रस्त्यातच खाली बसला. त्याचं नाव धुऊन निघालं होतं, सयाजीच्या समोर, चोराच्या तोंडून. आणि तरी त्याला रडू आलं. आयुष्यात त्याच्या कामाची एवढी तारीफ कुणी केली नव्हती, आणि ती करणारा हा! पाकळी निर्दोष होती. दोषी होते ते मोर, ती कमळं, ते पळणारे पट्टे. सयाजीनं त्याचा दंड धरून त्याला उठवलं. काहीतरी बोलायला हवं होतं त्यानं. "चल, बैलं तापत्यात," एवढंच बोलला.

पेठेत बातमी पोचली. कुणी येऊन मीरासाबची माफी मागितली म्हणता? नाव नको. गुंडूनं तर नवीनच काढलं, "सयाजीनं पाकळी भरली न्हवं? दृष्ट लागली की वो! मीरासाब सांगत हुता त्ये खरं." ऐकणाऱ्यांनी पुन्हा माना डोलावल्या. मात्र दरोडेखोर बोलला ते मालकांच्या डोक्यात बरोबर शिरलं. एकेक गाडी पुन्हा चिंचेखाली यायला लागली, रंगवायला नाही, रंग मारून टाकायला. दुसऱ्या कुणी हे काम केलेलं मीरासाबला सोसलं नसतं. त्यानंच काजळी तेलात कालवली आणि आपल्या हातानं आपले मोर काळे केले. लालबी घराचं दार लावून आत बसायची. तिला ते बघवत नव्हतं.

सगळ्यात शेवटी सयाजी आला. बरेच दिवस तो ह्या बाजूला फिरकला नव्हता. गाडी उभी करून तो आडून आडून म्हणाला, "लेकरंबाळं हायीत मीरासाब. काळी करून टाक. मनाला लावून घिऊ नगंस."

मीरासाबनं काम घेतलं. फळ्या झाल्या, जू झालं, चाकांचे आरे झाले. गाडी कढईच्या बुडागत काळीठिक्कर झाली. सयाजी न्यायला आला, भोवती फिरून बघायला लागला आणि मागच्या फळीपाशी थांबला. सगळ्या काळ्यात एकच पाकळी तांबडी राहिली होती. रेघेबाहेर गेलेली, मळकट, गेरूची.

"ह्यी ऱ्हायली की," सयाजी म्हणाला.

"ऱ्हायली न्हाय. ठेवलीया," मीरासाब म्हणाला. "बाकी सारं माजं हुतं, त्ये मी पुसलं. ह्यी तुमच्या हातची हाय. ती तुमी पुसा."

तालमीपासूनच्या ओळखीत त्यानं सयाजीला पहिल्यांदाच 'तुमी' म्हटलं होतं. काजळीचं भांडं त्यानं सयाजीच्या पुढं सरकवलं आणि हात धुवायला आत निघून गेला.

सयाजीनं भांड्याकडं बघितलं, असं दाराच्या फटीतून बघणारी लालबी सांगायची. मग त्यानं बैल जुंपले. ती गाडी पुढं कैक वर्षं घाट चढली-उतरली, कधी लुटली गेली नाही. पाकळी मात्र शेवटपर्यंत तशीच होती. काजळीचं भांडं सयाजीनं उचललंच नव्हतं.