उन्हावर उडणारी चिमणी

तिला घरीदारी सगळे चिमणीच म्हणत. शाळेच्या रांगेत कायम पहिली आणि लग्नाच्या बाजारात कायम शेवटची, असं ती स्वतःच हसत सांगे. फुंकर मारली तर उडून जाशील, असं लोक चिडवायचे, आणि ती खरोखरच उडायला शिकली. शेतांवर औषध फवारणारी छोटी विमानं तिनं बरीच वर्षं चालवली. आई नव्हती. बाबा बसडेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत बापलेक राहत, आणि स्वयंपाक बाबाच करत.

मग एका कंपनीला वैमानिक हवा होता. विमान उन्हावर चालणारं, एकाच माणसाचं. अनुभव हवाच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे वजन कमी हवं. आयुष्यात पहिल्यांदाच तिची चण तिच्या कामी आली.

हँगरमध्ये तिनं ते विमान पाहिलं तेव्हा ती पंखाच्या कडेकडेनं नुसती चालतच राहिली. पंख एखाद्या मोठ्या प्रवासी विमानाएवढा लांब, पण आतून पोकळ, पापडासारखा. वर निळ्याकाळ्या सौरपट्ट्या ओळीनं चिकटवलेल्या. ऊन त्यांच्यावर पडायचं, त्यातून मोटरी फिरायच्या, उरलेली वीज रात्रीसाठी बॅटऱ्यांत साठायची. चारही मोटरींचा मिळून जोर एका मोटारसायकलीएवढा. सपाट रस्त्यावर बाबांच्या डेपोतली जुनी बससुद्धा त्याच्या पुढे गेली असती.

मुख्य अभियंता सरळ माणूस होता. पहिल्याच आठवड्यात तिनं त्याला विचारलं, की अशी विमानं लोकांना घेऊन कधी उडणार? तो तिला हँगरच्या दारात घेऊन गेला आणि उन्हात तळहात धरून उभा राहिला.

"ऊन किती पडावं हे आपल्या हातात नाही," तो म्हणाला. "पट्ट्या उद्या दुप्पट चांगल्या झाल्या, तरी पंखावर पडतं त्याहून जास्त ऊन कुठून आणायचं? शंभर माणसं न्यायची म्हटलं तर पंख एवढा लागेल, की तो स्वतःच्याच वजनानं मोडेल."

"मग हा खटाटोप कशासाठी, सर?"

"थेंबभरही इंधन न जाळता विमान दिवसरात्र वर राहू शकतं, एवढं एकदा दाखवायचंय."

तिला एवढं पुरेसं होतं. त्या दिवसापासून ती त्या विमानाच्या नादाला लागली ती लागलीच.

विमानाला पूर्ण रात्र निभावता येत नव्हती. पहाटेच्या आधीच बॅटऱ्या संपतील, असा हिशेब येई. वाढीव बॅटरी बसवायची तर तेवढंच वजन दुसरीकडून कमी व्हायला हवं. खुर्चीची गादी गेली, रंग खरवडला गेला, स्क्रूसुद्धा बदलले. मग कमी करण्यासारखं काही उरलं नाही, ती सोडून. तिला तसं कोणी सांगितलं नाही. पण हँगरच्या दाराशी वजनकाटा होता, आणि काटा खाली आला की सगळ्यांचे चेहरे खुलत. तिनं ताट अर्धं केलं, मग पाव.

"अगं, विमान हलकं करायचं तर विमानातलं काढावं," बाबा म्हणाले. "तुझ्यातलं कशाला काढतायत?"

"मी एक किलो उतरले की एक किलो बॅटरी जास्त बसते, बाबा."

बाबांनी पातेल्यावर झाकण ठेवलं. तिची पाळी बंद झाली होती, कंगव्यात केस गुंतून येत होते. हे तिनं कुणालाच सांगितलं नाही. मोहीम संपली की भरपेट खाईन, असं ती मनाशी म्हणे.

उड्डाणाच्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. ती वर गेली, आणि दुपारपर्यंत सगळं मनासारखं चाललं. मोटरींची बारीक गुणगुण, खाली मुंगीच्या पावलांनी सरकणारी शेतं. इतकी सुखी ती कधीच नव्हती, असं पुढे तिनं बाबांना सांगितलं. मग पश्चिमेकडून ढगांची दुलई आली. त्यांच्यावर चढायचं तर वीज लागते, आणि खाली राहिलं तर वीज मिळत नाही. साध्या विमानानं वळसा घातला असता. या विमानाला ढगांशी शर्यत लावण्याइतका वेगच नव्हता. बॅटऱ्या अर्ध्याही भरल्या नाहीत. रात्र काढायचा बेत रद्द झाला, परत फिरायचा निरोप आला.

धावपट्टीवर वारा आडवा होता. एवढ्या लांब, हलक्या पंखाला वारा पडल्याशिवाय उतरवता येत नाही. ती घिरट्या घालत थांबली. वारा पडेना आणि वीज उतरत चालली. शेवटी तिनं रेडिओवर विचारलं, "किती वेळ थांबू?" वारा कधी पडेल सांगता येत नाही, असं अभियंता म्हणाला. ती म्हणाली, "मग उतरते."

जमिनीपासून पुरुषभर उंचीवर झुळूक आली. पंखाचं टोक टेकलं, पंख मधोमध मोडला आणि कॉकपिट एका कुशीवर आपटलं. आपटणं तसं फार मोठं नव्हतं. धडधाकट माणूस खरचटून उठला असता. तिचं खुब्याचं हाड मोडलं.

डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेतलं. वयाची चाळिशीही नाही आणि हाडं म्हातारीची झालीत, खायला मिळत नव्हतं का, असं त्यांनी विचारलं. हाड नीट जुळलं नाही. वैमानिकाचा परवाना गेला.

काही महिन्यांनी अभियंता घरी आला. खुर्चीच्या टोकावर बसून त्यानं सांगितलं, की नवं विमान बांधतोय, पण त्यात माणूस नसेल. जमिनीवरून चालवायचं. कॉकपिटच्या जागी बॅटऱ्या. असं विमान महिनोन् महिने वर राहील, पुरात तुटलेल्या भागाला फोन पुरवील, वणव्यावर नजर ठेवील.

"आम्हाला हे आधीच कळायला हवं होतं," तो म्हणाला. "त्या विमानात काढून टाकता येण्यासारखं सगळ्यात जड ओझं माणूसच होतं."

"मी होते," ती म्हणाली.

पहिल्या उड्डाणाला त्यानं दोघांना बोलावलं. ती काठी टेकत गेली. विमान सहज उचललं गेलं, आणि वर जाऊन दोऱ्याएवढं दिसू लागलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, तिनंही वाजवल्या. विमान ज्यावरून चालवत होते त्या पडद्यापाशी येऊन बसता का, असं अभियंत्यानं विचारलं. फार वेळ बसवत नाही, असं सांगून ती निघाली.

थांब्यावर बाबा मान वर करून बघत राहिले. तिनं एकदाही वर पाहिलं नाही. बस आली. तिची पायरी उंच होती. बाबांनी तिची काठी घेतली आणि काखेत हात घालून ते तिला वर चढवू लागले. आतली माणसं खोळंबून बघत होती.